यकृत व पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांसाठी पदवीनंतरचा अभ्यास: सुरुवात कशी करावी

एम.एस. पूर्ण करून जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये रुजू होणाऱ्या शल्यचिकित्सकाला पित्ताशयातील खड्यांचे रुग्ण पहिल्या आठवड्यापासूनच भेटू लागतात. त्यांच्या मागोमाग यकृतातील गळू, पित्तनलिकेत अडकलेला खडा आणि वेदना नसलेली वाढती कावीळ घेऊन आलेला रुग्णही येतो, आणि तेव्हा लक्षात येते की परीक्षेपुरता केलेला अभ्यास आता अपुरा पडतो आहे. पुढचे शिक्षण कोठून आणि कोणत्या क्रमाने सुरू करावे, हे अशा नव्या सहकाऱ्यांना सांगण्यासाठी हा लेख आहे. ज्यांनी एम.सीएच. किंवा डीआरएनबी (एम.एस. नंतरच्या अतिविशेष पदव्या) करून या शाखेत पूर्णवेळ काम करायचे ठरवले आहे, त्यांनाही यातील बराच भाग लागू पडतो.

भारतातील पहिली लॅपरोस्कोपिक (लहान छिद्रांतून दुर्बिणीने केलेली) पित्ताशय शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. त्या काळात नोकरीत किंवा व्यवसायात असलेले जवळजवळ सर्वच शल्यचिकित्सक ही शस्त्रक्रिया पदवी हाती आल्यानंतर शिकले. आज जे तंत्र निवासी डॉक्टरांना नित्याचे वाटते, ते एका संपूर्ण पिढीने चालत्या कामातून वेळ काढून आत्मसात केले आहे. तुमच्या बाबतीतही असेच होणार आहे, म्हणून हा अभ्यास सवडीवर सोडू नये.

पायरी १: आपल्या शस्त्रक्रियांची नोंद ठेवा

कोणत्याही परिषदेचे शुल्क भरण्यापूर्वी एक एक्सेल शीट उघडा. तीत रुग्णाचे नाव लिहू नका, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक पुरतो. निदान, शस्त्रक्रिया तातडीची होती की ठरवून केलेली, दाह किती तीव्र होता, शस्त्रक्रियेचा मार्ग मध्येच बदलावा लागला का, ड्रेन (पोटातील द्रव बाहेर काढणारी नळी) ठेवली का, हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीचा) अहवाल काय आला आणि ९० दिवसांनंतर रुग्ण कसा आहे, एवढे रकाने पहिल्या वर्षासाठी पुरेसे आहेत.

गुंतागुंत नोंदवताना ‘थोडा त्रास झाला’ असे शब्द टाळावेत आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या व्याख्या वापराव्यात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली गुंतागुंतीची तीव्रता ठरवणारी क्लेव्हियन-दिंदो श्रेणी यासाठी उत्तम आहे, कारण ती उपचार काय करावा लागला यावरून ठरते. पित्तगळतीसाठी ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर केलेला उपचार) करून स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकावा लागला, तर ती तिसऱ्या श्रेणीची गुंतागुंत होते, मग रुग्ण चार दिवसांत हसतखेळत घरी गेलेला असो. पित्तगळती कशाला म्हणायचे हेही ठरलेले आहे: २०११ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधील द्रवाचे बिलिरुबिन (पित्तातील पिवळे द्रव्य) रक्तातील बिलिरुबिनच्या तिप्पट किंवा अधिक असेल, तर ती गळती होय. पित्तनलिकेची दुखापत स्ट्रासबर्ग वर्गीकरणाप्रमाणे ए ते ई या अक्षरांनी लिहावी. ही भाषा एकदा हाताला बसली की तुमची नोंद दुसऱ्या केंद्रातील नोंदीशी ताडून पाहता येते आणि पुढचा अभ्यास कोठे हवा आहे ते तीच दाखवते.

ज्या रुग्णात पित्तनलिका आतड्याला जोडली आहे, त्याची ओळ ९० दिवसांनी बंद करू नये. अशा जोडणीच्या जागी काही वर्षांनीही आकुंचन येऊ शकते, म्हणून त्याच्या यकृताच्या तपासण्या आणि थंडीतापाचा इतिहास अनेक वर्षे नोंदवत राहावा लागतो.

पायरी २: नोंदणीचे क्रेडिट पॉइंट लवकर मार्गी लावा

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. कार्यक्रमाला जाण्यापूर्वी त्याला कौन्सिलची मान्यता आहे का हे पाहावे, आपला नोंदणी क्रमांक बिनचूक द्यावा आणि प्रमाणपत्र त्याच दिवशी स्कॅन करून ठेवावे. ही गरज कायदेशीर आहे आणि ती पाळलीच पाहिजे. मात्र पॉइंट कोणत्याही विषयाच्या कार्यक्रमातून जमा होतात, त्यामुळे ते पूर्ण झाले म्हणजे आपल्या शाखेचा अभ्यास झाला असे मानणे धोक्याचे आहे.

पायरी ३: रचना पुन्हा शिका, आणि ती स्कॅनवर शिका

क्लोद कुइनो यांनी १९५७ मध्ये मांडलेले यकृताचे आठ सेगमेंट (विभाग) सर्वांना पाठ असतात, परंतु सीटी स्कॅनवर पाचवा सेगमेंट कोठे संपतो आणि आठवा कोठे सुरू होतो हे विचारले की बरेच जण अडखळतात. म्हणून स्कॅनचा लेखी अहवाल बाजूला ठेवून स्वतः चित्रे पाहण्याची सवय लावावी. आधी तिन्ही हिपॅटिक शिरा शोधाव्यात, मग पोर्टल शिरेच्या (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या) शाखा मागे मागे नेत जाव्यात, आणि स्वतःचे मत लिहून झाल्यावरच अहवाल वाचावा. जेथे फरक पडेल तेथे रेडिओलॉजिस्टकडे जाऊन बसावे. अशी दहा मिनिटे दोन तासांच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवतात.

शस्त्रक्रियांची नावे ब्रिस्बेन २००० या परिभाषेप्रमाणे वापरावीत, म्हणजे ‘उजवी हेपॅटेक्टोमी’ (यकृताचा उजवा भाग काढणे) म्हटल्यावर सर्वांच्या डोळ्यांपुढे तेच सेगमेंट येतात.

पित्तनलिकांच्या बाबतीत विशेष सावध राहावे लागते. पाठ्यपुस्तकातील रचना सुमारे ६० टक्के लोकांतच आढळते. उरलेल्यांत उजव्या मागच्या भागाची नलिका डाव्या नलिकेला मिळते, किंवा बरीच खाली येऊन सिस्टिक डक्टच्या (पित्ताशयाला मुख्य नलिकेशी जोडणाऱ्या नळीच्या) जवळ उघडते. शेवटचा प्रकार पित्ताशय काढताना सर्वाधिक घातक ठरतो. एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) उपलब्ध असेल तेव्हा ही नलिका कोठे जाते हे दर वेळी मुद्दाम शोधावे.

पायरी ४: सुरक्षित पित्ताशय शस्त्रक्रिया

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. मोठी यकृत शस्त्रक्रिया फार थोडे जण करतील, पित्ताशय मात्र सगळेच काढतात. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रियेत हजारात साधारण तीन ते पाच इतके सांगितले जाते. आकडा लहान आहे, पण ज्या रुग्णाला इजा होते तो बहुधा कमावत्या वयाचा असतो किंवा त्याच्यावर घर अवलंबून असते, आणि पुढची कित्येक वर्षे त्याला रुग्णालयाच्या फेऱ्या चुकत नाहीत.

लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा २५२ दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेक दुखापतींचे मूळ दृष्टिभ्रमात होते, हाताचे कौशल्य कमी पडल्याच्या घटना मोजक्याच होत्या. शल्यचिकित्सकाने मुख्य पित्तनलिकेलाच सिस्टिक डक्ट समजून ती खात्रीने, शांतपणे कापली होती. यावरून अभ्यासाची दिशा ठरते: हात वेगवान करण्यापेक्षा आपल्याला वाटते आहे ते खरे आहे का, हे तपासण्याची शिस्त शिकायला हवी.

ती शिस्त म्हणजे स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये नाव दिलेला ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’, म्हणजे काहीही कापण्यापूर्वी रचना निर्विवाद दिसणे. पित्ताशयाचा तळ रुग्णाच्या उजव्या खांद्याच्या दिशेने वर धरावा आणि मान बाहेरच्या बाजूला व किंचित खाली ओढावी. मान वरच्या दिशेने ओढली, तर सिस्टिक डक्ट आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात आणि दोन्ही मिळून एकच नळी दिसू लागते. रूव्हियरची खाच (यकृताच्या खालच्या पृष्ठभागावरील खूण) शोधून तिच्या पातळीच्या वर राहूनच विच्छेदन सुरू करावे. त्यानंतर तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, हिपॅटोसिस्टिक त्रिकोणातील (सिस्टिक डक्ट, यकृताची मुख्य नलिका आणि यकृत यांमधील जागेतील) चरबी आणि तंतू पूर्ण साफ झालेले असावेत. दुसरी, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला असावा, म्हणजे मागे यकृताचा पृष्ठभाग मोकळा दिसावा. तिसरी, पित्ताशयात जाणाऱ्या दोन आणि फक्त दोनच रचना (सिस्टिक डक्ट व पित्ताशयाची धमनी) दिसाव्यात. तिन्ही अटी पूर्ण होईपर्यंत क्लिप (नळी बंद करणारा छोटा चिमटा) हातात घेऊ नये. क्लिप लावण्यापूर्वी पुढून एक आणि मागून एक असे दोन फोटो काढावेत, क्षणभर थांबावे आणि कॅमेरा धरणाऱ्या सहकाऱ्याला ‘तुला काय दिसते?’ असे विचारावे. सहकारी कनिष्ठ असला तरी विचारावे. त्याला शंका असेल, तर ती बोलून दाखवण्याची मोकळीक त्याला ओटीत (शस्त्रक्रियागृहात) मिळायला हवी.

महिनाभराचे हे फोटो एकत्र काढून एखाद्या अनुभवी सहकाऱ्याकडून तपासून घ्यावेत. स्वतःच्या फोटोला आपण सहज पूर्ण गुण देतो. दुसऱ्याच्या नजरेला दुसरी अट अर्धवटच पाळलेली दिसते.

तीव्र दाहाच्या रुग्णांसाठी टोकियो मार्गदर्शक तत्त्वे वाचावीत. ती २००७ मध्ये आली, २०१३ आणि २०१८ मध्ये सुधारली गेली, आणि दाहाच्या तीन श्रेणी व त्यानुसार उपचार त्यात दिले आहेत. त्यातील सर्वांत मोलाचा भाग क्रिटिकल व्ह्यू मिळत नसेल तेव्हा काय करावे हा आहे. पित्ताशय अर्धवट काढून थांबणे, केवळ नळी घालून पित्ताशय रिकामे करणे, किंवा काहीही न कापता बाहेर येऊन रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवणे हे सगळे सन्माननीय पर्याय आहेत. पोट उघडणे हाही पर्याय आहे, परंतु आजच्या बहुतेक तरुण शल्यचिकित्सकांनी उघड्या पद्धतीने फार थोडी पित्ताशये काढलेली असतात आणि सुजलेल्या त्रिकोणात पोट उघडल्याने रचना आपोआप स्पष्ट होत नाही. म्हणून अर्धवट पित्ताशय काढण्याचे तंत्र व्हिडिओवरून आणि वरिष्ठांसोबत आधीच शिकून घ्यावे. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी शिकायला वेळ नसतो.

दुखापत झालीच तर? ओटीतच शंका आली, तर नलिका आणखी सोडवून पाहण्याचा मोह आवरावा, दुसऱ्या शल्यचिकित्सकाला बोलवावे आणि अशा दुरुस्तीचा अनुभव जवळ नसेल, तर ड्रेन ठेवून रुग्णाला हलवावे. पहिली दुरुस्ती अनुभवी हातून झाली, तर निकाल सर्वांत चांगला लागतो. नंतरही दक्ष राहावे. लॅपरोस्कोपीनंतरचा रुग्ण रोज आदल्या दिवसापेक्षा बरा दिसायला हवा; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट फुगले, नाडी वाढली किंवा डोळे पिवळे झाले, तर ‘गॅस आहे’ असे म्हणून घरी सोडू नये, त्याच दिवशी सोनोग्राफी व रक्ततपासणी करावी. नातेवाइकांना घडले ते स्वतः, स्पष्ट शब्दांत सांगावे. पुढच्या केंद्राला द्यायच्या पत्रात काय कापले, क्लिप कोठे आहेत, कोणता भाग स्पष्ट दिसला नाही, ड्रेनमधून किती पित्त येते आहे आणि कोणती प्रतिजैविके चालू आहेत, हे लिहावे आणि शस्त्रक्रियेचा व्हिडिओ सोबत द्यावा.

पायरी ५: परिषद, कार्यशाळा आणि निरीक्षण यांची निवड

पर्याय पुष्कळ आहेत. असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडियाची राष्ट्रीय परिषद आणि तिच्या महाराष्ट्र शाखेची मॅसिकॉन सर्वसाधारण शल्यचिकित्सकाला उपयोगी पडतात. लॅपरोस्कोपीचा पाया पक्का करण्यासाठी आयएजीईएस आणि अमासी या लॅपरोस्कोपी करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या संस्थांचे अभ्यासक्रम आहेत. यकृत-स्वादुपिंड-पित्तमार्गासाठी आंतरराष्ट्रीय संघटना आयएचपीबीए आणि तिची भारतीय शाखा आहे, तर पोटाच्या शल्यचिकित्सकांची इंडियन असोसिएशन ऑफ सर्जिकल गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी ही संस्था आहे.

कार्यक्रमपत्रिका हाती आली की मी आधी एकच गोष्ट पाहतो: गुंतागुंतींवर सत्र आहे का, आणि त्याला वेळ किती दिला आहे. केवळ सफाईदार, संपादित व्हिडिओ दाखवणाऱ्या कार्यक्रमातून उत्साह मिळतो, निर्णय शिकता येत नाहीत. हँड्स-ऑन कार्यशाळा असेल तर एका टेबलावर किती जण असणार आहेत हे आयोजकांना आधीच विचारावे. सहा-सात जणांत एक टेबल असेल, तर हातात उपकरण फार थोडा वेळ येते. एखाद्या उपकरणाच्या कंपनीने खर्च उचललेला असेल, तर त्या उपकरणावाचून शस्त्रक्रिया होतच नाही असा सूर लागतो का, इकडेही लक्ष असावे.

नवख्या व्यक्तीने एका मोठ्या परिषदेऐवजी एखाद्या केंद्रात निरीक्षक म्हणून दोन ते चार आठवडे राहावे, असे मी सुचवेन. मुंबईत टाटा मेमोरियल आणि केईएम, लखनौला संजय गांधी पदव्युत्तर संस्था, दिल्लीत इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलियरी सायन्सेस ही या कामासाठी परिचित केंद्रे आहेत. तेथे गेल्यावर बहुतेक जण दिवसभर ओटीत उभे राहतात. त्याऐवजी निम्मा वेळ बहुविद्याशाखीय बैठकीत, वॉर्डाच्या फेरीत आणि ओपीडीत घालवावा. कोणत्या रुग्णावर शस्त्रक्रिया करायची नाही हे तेथे ठरते, आणि तो निर्णय ओटीतून दिसत नाही. जाताना आपल्याकडच्या दोन-तीन अवघड रुग्णांचे स्कॅन ओळख काढून टाकून सोबत न्यावेत आणि त्यांवर मत मागावे. रुग्ण पाठवायची वेळ आली की ही ओळख उपयोगी पडते.

पायरी ६: वाचनाची सवय

महिन्याला एक विषय ठरवावा, आणि तो स्वतःच्या नोंदवहीतून घ्यावा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात असणाऱ्यांना जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके पाहता येतात. खासगी व्यवसायात असणाऱ्यांसाठी टोकियो तत्त्वे आणि युरोपीय यकृत संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे विनामूल्य उपलब्ध आहेत.

शोधनिबंध वाचताना रुग्ण कोण होते, केंद्र किती मोठे होते आणि मृत्यू किती दिवसांपर्यंत मोजले, हे आधी पाहावे. यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांचा आकडा दिलासा देणारा असतो. ९० दिवसांचा आकडा खरा असतो. शिवाय पाश्चात्त्य केंद्रांतील यकृत शस्त्रक्रियांचा मोठा भाग आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींसाठी होतो, तर आपल्या ओपीडीत अमीबाचे गळू, हायडॅटिड (परजीवी कृमीमुळे होणारी) गाठ, सिरोसिसवर झालेला कर्करोग आणि पित्ताशयाचा कर्करोग हे रुग्ण अधिक असतात. तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

पित्ताशयाच्या कर्करोगाविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. हा कर्करोग उत्तर भारतात, गंगेच्या खोऱ्यात, अधिक आढळतो, म्हणून आपल्याकडे त्याचा विसर पडतो. काढलेले पित्ताशय बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती दिले जाते, लॅबचा खर्च वाचवण्यासाठी ती बाटली घरीच राहते, आणि वर्षभराने रुग्ण कावीळ घेऊन येतो. प्रत्येक पित्ताशय ओटीतच उघडून त्याचे अस्तर पाहावे, ते हिस्टोपॅथॉलॉजीला रुग्णालयानेच पाठवावे आणि अहवाल शल्यचिकित्सकाने स्वतः वाचावा. टी१ए टप्प्यात (कर्करोग आतल्या अस्तरापुरता असताना) केवळ पित्ताशय काढणे पुरते, टी१बी (तो भिंतीच्या स्नायूपर्यंत गेलेला असताना) आणि त्यापुढे यकृताचा लगतचा भाग व लसिकाग्रंथी काढण्याचा विचार करावा लागतो. हा फरक वेळेत कळला तर रुग्णाला बरे होण्याची संधी मिळते.

पायरी ७: शेजारच्या शाखांसोबत शिकणे

यकृतातून होणारा रक्तस्राव आटोक्यात ठेवण्याचे निम्मे श्रेय भूलतज्ज्ञाला जाते, कारण मध्यवर्ती शिरेतील दाब कमी राखणे त्यांच्या हाती असते. म्हणून कार्यशाळेला शक्य असल्यास भूलतज्ज्ञाला सोबत न्यावे. एंडोस्कोपी करणाऱ्या सहकाऱ्याशीही एक नियम आधीच ठरवावा: यकृताच्या मुखाशी (जेथे नलिका यकृतातून बाहेर पडतात तेथे) अडथळा असल्याची शंका असेल, तर स्टेंट टाकण्यापूर्वी चांगला सीटी किंवा एमआरसीपी करून घ्यायचा. स्टेंट टाकल्यानंतर अडथळा नेमका कोठपर्यंत पसरला आहे हे ओळखणे कठीण होते.

रुग्णाचा फोटो किंवा व्हिडिओ सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यापूर्वी स्क्रीनवरील नाव, तारीख आणि क्रमांक पुसावा, आणि शिकवण्यासाठी वापरायचा असेल तर रुग्णाची लेखी संमती शस्त्रक्रियेआधीच घ्यावी.

पायरी ८: यकृताच्या शस्त्रक्रियांकडे वळताना

ज्यांना हे काम नियमित करायचे आहे, त्यांनी पूर्णवेळ प्रशिक्षण घ्यावे, त्याला पर्याय नाही. सर्जिकल गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीतील एम.सीएच. किंवा डीआरएनबी आणि त्यानंतर मोठ्या केंद्रातील फेलोशिप हा नेहमीचा मार्ग आहे. शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमांतून यकृत कापायला शिकता येत नाही.

या टप्प्यावर अभ्यासाचा केंद्रबिंदू ‘किती काढता येईल’ यावरून ‘किती उरेल’ याकडे सरकायला हवा. निरोगी यकृतात किमान २० ते २५ टक्के, दीर्घ केमोथेरपीनंतर सुमारे ३० टक्के आणि सिरोसिसमध्ये सुमारे ४० टक्के भाग मागे राहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. हे प्रमाण सीटीवर मोजायला स्वतः शिकावे, आणि ते कमी भरत असेल, तर पोर्टल शिरेची एक शाखा बंद करून उरणारा भाग वाढू देण्याची सोय आपल्या रुग्णालयात आहे का, हे शस्त्रक्रियेची तारीख देण्यापूर्वी पाहावे. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी किंवा त्यापुढे बिलिरुबिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) दोन्ही वाढलेले असतील, तर २०११ च्या व्याख्येनुसार ते यकृत निकामी होण्याचे लक्षण असते, म्हणून त्या दिवशीचे रिपोर्ट आवर्जून मागवावेत.

लॅपरोस्कोपिक यकृत शस्त्रक्रियेसाठी २००८ मध्ये लुईव्हिल, २०१४ मध्ये मोरिओका आणि २०१७ मध्ये साउथॅम्प्टन येथे तज्ज्ञांच्या सहमती परिषदा झाल्या. त्यांचे अहवाल क्रमाने वाचले की कोणती शस्त्रक्रिया केव्हा आणि कोणाच्या हाती सुरक्षित मानली गेली, हे समजते. सुरुवात कडेला असलेल्या लहान गाठींपासून किंवा डाव्या बाहेरच्या भागापासून करावी आणि सुरुवातीच्या शस्त्रक्रियांना अनुभवी मार्गदर्शक प्रत्यक्ष ओटीत असावा. मार्गदर्शक कोणत्या तारखांना येऊ शकतात त्या आधी घ्याव्यात आणि रुग्णाच्या भरतीची तारीख त्यानंतर ठरवावी. गुंतागुंत झाल्यास रात्री रेडिओलॉजिस्ट, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग उपलब्ध असतील का, हे त्यांच्याशी स्वतः बोलून पक्के करावे. यातील एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर तो रुग्ण मोठ्या केंद्राकडे पाठवावा आणि शक्य असल्यास त्याच्यासोबत जाऊन ती शस्त्रक्रिया तेथे सहायक म्हणून पाहावी.